हसण्याची सक्ती स्वतःवर नको

पत्र: 'मी ४१ वर्षांची आहे. मला अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालाय. किमोसाठी अ‍ॅडमिट होऊन आता तिसरा आठवडा चालू आहे. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, खाली गेल्यामुळे वेगळ्या खोलीत ठेवलंय. एका वेळी एकालाच आत सोडतात, तेही मास्क लावून. जो तो एकच सांगतो, हसत राहा, निम्मा आजार मनाच्या जोरावर बरा होतो. मी सगळ्यांसमोर हसते आणि रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडते. या रडण्यामुळे औषधाला गुण येणार नाही अशी भीती वाटते. नवऱ्यावर उगीचच खेकसते, मग दिवसभर खात राहतं मनाला. तेरा वर्षांची मुलगी फोनवर विचारते, "आई, तू बरी होशील ना?" मी हसून विषय बदलते. अजून किती दिवस इथे राहायचं ते कुणी नक्की सांगत नाही. इतक्या लांबलचक मुक्कामात आनंदी राहायचं तरी कसं?'

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतेच, पण त्याआधी मधल्या एका वाक्याचं उत्तर देते, कारण तेवढ्यासाठी आणखी एक रात्रही तुम्ही भीतीत काढू नये असं मला वाटतं. रडण्यामुळे औषधाचा गुण कमी होत नाही. सलाईनमधून जाणारं औषध रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत पोचतं आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर काम करतं. त्या रात्री तुम्ही हसत झोपलात की रडत, याने त्याच्या कामात फरक पडत नाही.

ही नुसती तुमची समजूत घालण्यासाठी केलेली बोलणी नाहीत. मनाच्या बळावर कॅन्सर हटतो या कल्पनेला मोठा आधार मिळाला तो १९८९ साली. डेव्हिड स्पीगल या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातल्या काही जणी दर आठवड्याला एकत्र बसून बोलायच्या, आणि त्या बाकीच्यांपेक्षा जास्त जगल्या असं त्यात दिसलं. बातमी जगभर पसरली. पण २००१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी २३५ स्त्रियांना घेऊन तसाच प्रयोग केला, तेव्हा आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पुढे २००७ मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ पेशंटांचा अभ्यास आला. मनाची स्थिती चांगली असलेले जास्त जगले, असं त्यातही आढळलं नाही. पहिली बातमी लोकांच्या तोंडी राहिली आणि पुढच्या दोन त्यांच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. तुम्हाला 'हसत राहा' सांगणारे मायेपोटीच सांगतात, पण त्यांच्या सांगण्याचं ओझं तुमच्या छातीवर येऊन बसलंय. ते उतरवून ठेवा. आजार वाढला तर तो तुमच्या रडण्याने वाढलेला नसेल, आणि बऱ्या झालात तर ते श्रेय औषधांचं, डॉक्टरांचं आणि तुमच्या शरीराने काढलेल्या कष्टांचं असेल.

कॅनडातल्या त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची आहे. आयुष्य वाढलं नाही, पण ज्या स्त्रिया सुरुवातीला फार खचलेल्या होत्या त्यांच्या मनाचा त्रास कमी झाला, आणि वेदनाही कमी जाणवू लागल्या. त्या गटांमध्ये हसायला शिकवत नव्हते. मरणाची भीती, नवऱ्याचा राग, मुलांची काळजी, जे मनात असेल ते तिथे बोलायची मुभा होती. समोरचा घाबरून विषय बदलायचा नाही. म्हणजे ज्याने मन हलकं झालं ते हेच, मोकळेपणाने बोलणं, आणि तुम्ही तर ते नळाच्या आवाजाखाली दडवून ठेवताय. तेव्हा माझी पहिली विनंती अशी, की दिवसातून निदान एका माणसासमोर तोंडदेखलं हसू नका. नवरा असेल, बहीण असेल, रात्रपाळीच्या सिस्टर असतील. कुणीही एक निवडा आणि त्यांना आधीच सांगून ठेवा, "मी बोलेन ते फक्त ऐका, मला समजावू नका."

आता खेकसण्याबद्दल. तुमच्या आजाराच्या पहिल्या टप्प्यात प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन यापैकी एक स्टेरॉईड मोठ्या डोसमध्ये देतात. ते या उपचारातलं एक मुख्य औषध आहे, आणि ते कॅन्सरच्या पेशींबरोबर मनावरही परिणाम करतं. उगाच राग येतो, रडू फुटतं, कधी एकदम उत्साह वाटतो, डोक्यात विचारांची गर्दी होते आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. घरात कुणाला कधी आवाज न चढवलेली माणसंही स्टेरॉईडवर असताना भांडताना मी पाहिली आहेत. नवऱ्यावर ओरडल्यानंतर 'मी अशी कशी झाले' असं म्हणत तुम्ही स्वतःला खाता आहात, पण त्या ओरडण्यात औषधाचा वाटा मोठा असण्याची शक्यता आहे. नवऱ्यालाही हे कळायला हवं. राउंडला डॉक्टर येतील तेव्हा नवऱ्याला खोलीत थांबवून घ्या आणि तुम्हीच विचारा, "डॉक्टर, माझी चिडचिड स्टेरॉईडमुळे होतेय का?" डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की ते त्यांच्याही मनाला लागणार नाही.

झोप उडत असेल तर दिवसातला शेवटचा डोस आणखी लवकर देता येईल का, हेही त्याच वेळी विचारा. पुष्कळदा तेवढ्यानेही फरक पडतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मनाला त्रास होतो म्हणून ही गोळी स्वतःहून कधीही चुकवू नका. आणि डोस कमी करत बंद करतील, त्या दिवसांत अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटू शकतं, मनही एकाएकी खाली बसू शकतं. त्या वेळी 'आता सगळं संपलं' असं वाटलं, तर ते गोळी कमी झाल्यामुळे असू शकतं हे आठवा आणि सिस्टरना सांगा. माहीत नसलेला माणूस त्या दिवसांत फार घाबरतो.

आनंदाबद्दल बोलायचं तर मी सुरुवात शरीरापासून करेन. कारण तोंडात फोड आले असताना, पोट तीन दिवस साफ झालेलं नसताना, सारखं मळमळत असताना मन प्रसन्न ठेवा म्हणणं हा अन्याय आहे. आणि बहुतेक पेशंट हा त्रास सांगतच नाहीत! डॉक्टर आधीच घाईत असतात, एवढ्याशा गोष्टीसाठी काय त्रास द्यायचा, असं त्यांना वाटतं. तुमच्या आजारात व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध सहसा असतंच. त्याने बद्धकोष्ठ होतं, बोटांना मुंग्या येतात, कधी जबडा दुखतो. हे सगळं डॉक्टरांना अपेक्षित असतं आणि त्यावर करण्यासारखंही असतं. पण पोट साफ होण्यासाठी मनाने एनिमा किंवा घरगुती उपाय करू नका. काउंट खाली असताना ते धोक्याचं ठरतं. जे काही करायचं ते त्यांना विचारून.

वेदनेचंही तसंच. "थोडं दुखतंय" एवढं सांगून थांबू नका. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य, असा आकडा सांगा आणि औषध दिल्यावर तासाभराने पुन्हा सांगा. सोसण्यात कसलंही मोठेपण नाही. दुखणं काबूत आलं की त्या दिवशी खिडकीबाहेर बघावंसं वाटतं, कुणाचा तरी फोन घ्यावासा वाटतो. आपण ज्याला आनंदी असणं म्हणतो त्याची पहिली पायरी लांबच्या मुक्कामात बहुधा एवढीच असते.

खिडकीचा विषय निघालाच आहे. रॉजर उलरिच या संशोधकांनी १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास मांडला होता. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. त्यांचा आजार वेगळा होता, त्यामुळे याचा अर्थ ताणायला नको. पण तुम्ही दिवसाचे चोवीस तास ज्या चार भिंतींकडे बघता, त्या तुमच्या मनावर काही परिणाम करत नसतील असं कसं म्हणायचं? पलंग थोडा वळवून खिडकीसमोर येऊ शकतो का, विचारा. सकाळी पडदे पूर्ण उघडायला सांगा. कारण हॉस्पिटलमध्ये सगळ्यात आधी हरवतात ते दिवस आणि रात्र. रात्री दिवे, पहाटे रक्त घ्यायला येणं, दुपारी गुंगी. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराला वेळेचा अंदाज येतो आणि रात्रीची झोप थोडी सुधारते. रात्रीचं बीपी, ताप बघणं, औषध देणं हे शक्य असेल तर एकाच फेरीत उरकाल का, असं सिस्टरना विचारायला संकोच करू नका. प्रत्येक वेळी जमेलच असं नाही. जमेल तेव्हा त्या नक्की करतात. ताज्या फुलांची सोय मात्र नाही. काउंट खाली असताना जंतूंच्या भीतीने ती खोलीत ठेवू देत नाहीत. एखादं चित्र किंवा मुलीने काढलेला फोटो पुसता येईल अशा प्लास्टिकमध्ये घालून समोर लावता येईल.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते 'अजून किती दिवस, कुणी नक्की सांगत नाही' हे. दुखण्याइतकंच हे ताटकळणं माणसाला पोखरतं. डॉक्टर तारीख देत नाहीत, कारण काउंट कधी वर येतील ते त्यांच्याही हातात नसतं. पण 'घरी कधी जाणार' हा प्रश्न बदलून 'पुढची तपासणी कोणती, आणि ती कशासाठी' असा विचारलात, तर त्याला उत्तर मिळतं. या टप्प्यात सुमारे चार आठवड्यांनी हाडाच्या मगजाची तपासणी करून उपचाराला प्रतिसाद किती मिळाला ते बघतात. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात आहात. म्हणजे पुढचा थांबा फार लांब नाही. घरी जाण्याचा दिवस मोजण्यापेक्षा तिथपर्यंतचे दिवस मोजणं सोपं जाईल.

आणि या दिवसांना काहीतरी आकार द्या. हॉस्पिटलमध्ये तुमच्या शरीराचे सगळे निर्णय दुसरे घेतात. कधी उठायचं, कधी सुई टोचायची, कुणी भेटायचं. माणूस दुसऱ्याच्या हातातली वस्तू होऊन जातो आणि त्या असहायतेत मन कोमेजतं. म्हणून जे दोन-तीन निर्णय तुमच्या हातात उरलेत ते घट्ट धरा. सकाळी उठल्यावर तोंड धुऊन घरचे स्वच्छ कपडे घालायची परवानगी असेल तर घाला. आधी काय आणि नंतर काय ते तुम्ही ठरवा. सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्ट हो म्हणतील तेवढंच खोलीत चाला. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असताना पडणं महागात जातं, त्यामुळे एकटीने उठून चालायचं नाही, चक्कर आली तर लगेच बसायचं. पण सबंध दिवस पडून राहू नका. किमोचा थकवा आरामाने जात नाही. दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांनी तो थोडा उतरतो, आणि पायातली ताकदही टिकते.

पेशंट म्हणून अशा खोलीत राहिलेल्या बऱ्याच जणांशी बोलल्यावर मला एक गोष्ट पटली आहे. ज्यांचे दिवस जरा बरे गेले त्यांच्याकडे अशी एखादी गोष्ट होती जी उद्याही पुढे चालू राहणार होती. कुणी लांबलचक कादंबरी वाचत होतं, कुणी विणत होतं, कुणी फोनवरून घरच्यांशी बुद्धिबळाची दिवसाला एकच चाल खेळत होतं. एका बैठकीत संपणारी करमणूक संपली की पुन्हा पोकळी येते. अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी वाट बघत असतं. किमोने लक्ष लागत नसेल, दोन ओळी वाचून पुन्हा मागे जावं लागत असेल, तर ऐकण्याकडे वळा. दिवसाला एक प्रकरण ऐकलं तरी चालेल. विणकाम करायचं तर सुया टोकदार नकोत, आणि लोकर आत आणण्याआधी विचारून घ्या.

हो, आणि हसू आलं तर हसा! एवढ्या आजारात हसतेय, लोक काय म्हणतील, असं वाटून गिळू नका. वॉर्डमध्ये पेशंट एकमेकांच्यात जितकं हसतात तितकं भेटायला येणारे कधीच हसवू शकत नाहीत. गेलेले केस, बेचव झालेलं जेवण, सलाईनच्या स्टँडला घेऊन केलेली वरात. त्या हसण्यात कुणाला बरं वाटावं म्हणून केलेला प्रयत्न नसतो, म्हणून ते खरं असतं. तुमच्या वेगळ्या खोलीत ती सोबत नाही. तुमच्यासारख्याच आजारातून गेलेल्या कुणाशी फोनवर बोलता येईल का, हे हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा. पुष्कळ ठिकाणी अशी ओळख करून देतात.

भेटणाऱ्यांचं आणि फोनचं एक करा. तब्येतीची बातमी देण्याचं काम एका माणसाकडे सोपवा, आणि बाकी सगळ्यांना त्यांच्याकडेच चौकशी करायला सांगा. प्रत्येक फोनवर पहिल्यापासून सगळं सांगणं म्हणजे दिवसातून दहा वेळा नव्याने आजारी पडणं. 'हसत राहा' म्हणणाऱ्याला वाद घालून उत्तर द्यायची गरज नाही. त्यांना काम द्या. "मुलीचा अभ्यास बघशील?" "रात्री अर्धा तास फोनवर नुसत्या गप्पा मारशील, आजार सोडून?" बहुतेकांना काहीतरी करायचं असतं, सुचत नाही म्हणून ते उपदेश करतात.

एका बाबतीत मात्र मी थोडी सावध आहे. रात्री रडून सकाळी मोकळं वाटणं वेगळं, आणि जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, दोन आठवडे कशातच मन न लागणं वेगळं. तसं असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर कॅन्सरइतक्याच रीतसरपणे उपचार होतात. त्याच शून्य ते दहाच्या पट्टीवर गेल्या आठवड्यातला मनाचा त्रास किती होता, ते ठरवा. चार किंवा त्याहून जास्त आला तर कॅन्सर विभागात पुढची चौकशी करायला हवी असं मानतात. आकडा डॉक्टरांना सांगा आणि समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना बोलावून घ्या. गोळी द्यायची झाली तर ती तुमच्या बाकीच्या औषधांशी जुळणारी हवी, म्हणून ती त्यांच्याकडूनच. जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलंच बरं, असे विचार आले तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, त्याच क्षणी घंटा वाजवा. अंगात ताप किंवा थंडी वाटली तरीही तसंच, दिवस असो की मध्यरात्र. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइटवर गेला, तर काउंट खाली असताना ती घाईने बघायची गोष्ट असते. मनाचा त्रास उपचारापर्यंत पोचतो तो असा, की माणूस खचून जातो, काही सांगेनासा होतो, गोळी बाजूला ठेवतो. त्यासाठीच मनाकडे लक्ष द्यायचं.

राहिली तुमची मुलगी. तेरा वर्षांच्या मुलीला बहुधा पुष्कळ काही कळलेलं असतं. मोठ्यांचं कुजबुजणं ऐकलेलं असतं, आजाराचं नाव फोनवर शोधलेलं असतं. तुम्ही विषय बदलता तेव्हा तिला त्यातून एवढंच समजतं, की हे बोलण्यासारखं नाही. मग तीही तुमच्यासारखीच एकटी रडते. 'नक्की बरी होणार' असं वचन देऊ नका, कारण ते तुमच्या हातात नाही. पण खरं बोलता येईल असं पुष्कळ आहे. आजाराचं नाव सांगा. औषध जोरात चालू आहे आणि ते बरं करण्यासाठीच देताहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तेही सांगा. "मलाही कधी कधी भीती वाटते, रडूही येतं, त्यात तुझी काही चूक नाही. काही बदललं तर तुला बाहेरच्यांकडून कळणार नाही, मी किंवा बाबाच सांगू." एवढं पुरे. ती रडली तर रडू द्या, फोन ठेवू नका.

बोलण्यासाठी दिवसातली तुमची बरी वेळ निवडा. तिसऱ्या आठवड्यात ती कोणती ते तुम्हाला कळलं असेलच. त्या वेळी तिच्या शाळेबद्दल विचारा, मैत्रिणीशी झालेल्या भांडणाबद्दल विचारा, गणित अडलं असेल तर सोडवून द्या. आईने आपल्यावर रागवावं असंही तिला आतून वाटत असेल, तेव्हा खोली पसरलेली असेल तर तेही बोला. एखादं पुस्तक दोघींनी मिळून ऐकायला घेतलंत, रोज एक प्रकरण, तर तुमचं उद्यासाठी राखलेलं कामही होईल आणि 'आज तब्येत कशी आहे' याच्यापलीकडे बोलायला रोज काहीतरी असेल. पुस्तक तिलाच निवडू द्या.